ताजाकलम साहेबांचं गाजलेलं पत्र

साहेबांच्या शोकसभेचं निमंत्रण आलं तेव्हाच बाईंनी ठरवलं होतं, मागच्या रांगेत बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. सव्वीस वर्षं त्यांनी त्यांची पत्रं टाइप केली होती. वर भाषणही द्यायचं म्हणजे अतीच झालं.

साहेबांचं काम जाहिराती लिहिण्याचं. पण भिंतींवरच्या रंगीत जाहिराती नव्हेत. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात तुटक रेषांचं एक कुपन असायचं. ते कापून पाठवलं की आठवड्याभरात साहेबांचं चार पानी पत्र घरी हजर. विणकामाचं यंत्र, कमरेचा पट्टा, बियाणं, काय वाट्टेल ते साहेब पत्रातून विकत. पत्र वाचून माणूस न पाहिलेली वस्तू मागवायचा, आणि मागवली नाही तर साहेबांना रात्रभर झोप यायची नाही.

ऑफिसात त्यांना ताजाकलम साहेब म्हणत. कारण साधं होतं. लोक पत्र उघडलं की आधी सही बघतात, मग सहीखालचा ताजा कलम, आणि मग जमलं तर पत्र, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे चौथं पान टाइप होऊन मशीनमधून निघालं, की हे महाशय दारात उभे.

"बाई, एक छोटासा ता. क. राहिला."

"साहेब, पानावर जागा नाही."

"मग वरची दोन वाक्यं काढू या."

वरची दोन वाक्यं काढायची म्हणजे अख्खं पान पुन्हा. बाईंच्या टाइप केलेल्या पानाचाच ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून खालच्या छापखान्यात पत्र छापायचे, त्यामुळे खाडाखोड चालायची नाही. बाईंच्या अगदी नाकी नऊ यायचे.

कानाच्या यंत्राच्या वेळी तर कहरच झाला. नवीन यंत्र, नवीन गिऱ्हाईक, आणि साहेबांना सुरुवातच सुचेना. तीन आठवड्यांत तेवीस पत्रं झाली. 'पाखरांचा किलबिलाट पुन्हा ऐका' झालं, 'नातवंडांचे बोबडे बोल' झाले. प्रत्येक वेळी बाईंनी नीट टाइप करून द्यायचं, साहेबांनी वाचायचं, "छे, खोटं वाटतंय" म्हणायचं आणि टराटरा फाडायचं.

इकडे बाईंच्या घरी सासूबाईंना ऐकू येत नव्हतं. सकाळी उठल्यापासून "अहो, चहा घ्या!" हे चार वेळा बोंबलायचं, पाचव्यांदा सासूबाई म्हणणार, "एवढी रागावतेस कशाला?" घरून घसा बसवून यायचं आणि इथे पाखरांचा किलबिलाट टाइप करायचा. चोविसाव्या वेळी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब जेवायला गेले तेव्हा त्यांनी मशीनमध्ये कोरा कागद चढवला आणि मनात होतं ते बडवून काढलं. पुढे ते छापलं गेलं ते असं:

'आज तुम्ही आईवर किती वेळा ओरडलात? तुम्ही रागावला नव्हता, दमला होता. पण तिला फक्त तुमचा चेहरा दिसला.'

पुढे दीड पान तसंच. साहेब परत आल्यावर कागद त्यांच्यापुढे आपटून बाई म्हणाल्या, "कुपन बहिरा माणूस पाठवत नाही, साहेब. त्याच्या घरचा माणूस पाठवतो. त्याला कसली पाखरं ऐकवताय?"

साहेबांनी दोनदा वाचलं. एक शब्द बदलला. "बाई, हे जातंय," ते म्हणाले; मग थोडं थांबून, "फक्त एक ता. क..."

बाईंनी कपाळावर हात मारला.

त्या पत्राला पोत्यांनी उत्तरं आली. पहिल्याच खेपेतलं एक यंत्र साहेबांनी सासूबाईंसाठी घरी पाठवलं. त्यांनी ते कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अगं, आता ओरडतेस कशाला?"

साहेबांनी श्रेय लपवलं असतं तर बाईंना एक वेळ परवडलं असतं. भांडता तरी आलं असतं! पण ते ज्याला त्याला सांगत, "ते बाईंनी लिहिलंय." आणि ज्याला त्याला वाटे, काय हा विनय! न पाहिलेली वस्तू हजारोंच्या गळ्यात मारणारा माणूस, पण हे एक खरं वाक्य त्याला कुणाच्या गळी उतरवता आलं नाही. आणखी लिहा म्हणून त्यांनी बाईंना खूप गळ घातली. बाई म्हणाल्या, "नाही जमायचं. माझ्याकडे सासू एकच होती."

तर शोकसभेत कंपनीचे नवे संचालक माइकपुढे उभे राहिले. हातात साहेबांच्या निवडक पत्रांची स्मरणिका. घसा खाकरून त्यांनी 'साहेबांचं सर्वश्रेष्ठ पत्र' वाचायला घेतलं, आणि पहिल्याच वाक्याला बाईंचं कुलूप तुटलं.

"ते मी लिहिलंय!"

"अर्थात, बाई!" संचालक गोड हसले. "सगळीच पत्रं तुमच्या बोटांखालून गेली." सभागृहात टाळ्या.

"टाइप नाही हो केलं. लिहिलं! डोक्यातून!"

"साहेबही असंच म्हणायचे," संचालक सद्गदित झाले. "केवढं मोठं मन!" पुन्हा टाळ्या.

आता मात्र पहिल्या रांगेतली साहेबांची मुलगी उठली. "बाबा घरीसुद्धा हेच सांगायचे," ती म्हणाली. "आम्ही हसण्यावारी न्यायचो. बाई, एकदा नीट सांगा ना."

बाईंनी सांगितलं. किलबिलाट, चहा, बसलेला घसा, सगळं. लोक आधी हसले, मग मागे वळून बाईंकडे बघू लागले. संचालकांचा चेहरा उतरला.

"पण बाई, स्मरणिका छापून झाली. दीडशे प्रती आहेत."

"पेन द्या."

दारापाशी टेबल होतं, तिथे बाई बसल्या. प्रत्येक प्रतीचं बारावं पान उघडायचं, साहेबांचं नाव खोडायचं आणि आपलं लिहायचं. चाळिसाव्या प्रतीला हात भरून आला. साहेबांनी हे कधी एका ओळीत लिहून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं पुटपुटत त्या लिहीत राहिल्या. मुलगी शेजारी बसून पानं उघडून देत होती. एकदा तिने विचारलं, "बाबांनी कुठला शब्द बदलला होता?"

"मी 'थोबाड' लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "त्यांनी 'चेहरा' केलं. ते मात्र बरोबर होतं त्यांचं."

पंधरा दिवसांनी संचालकांचा फोन आला: नव्या लेखकांना दर मंगळवारी शिकवाल का? बाईंनी आधी नाही म्हटलं, मग गेल्या. पहिल्याच दिवशी एकाने गुडघ्याच्या पट्ट्यासाठी 'क्रांतिकारी' असा शब्द लिहून आणला. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुझ्या घरात कुणाचे गुडघे दुखतात?"

"आजोबांचे."

"मग जा, आधी त्यांच्यासोबत दोन जिने चढून ये."