यशोदामावशीची कळशी

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या यशोदामावशीच्या हातून पाणी सांडायचं. चारचौघांच्या हातून सांडतं तसं नव्हे. तिनं वर्षभरात सांडलेलं पाणी अडवलं असतं, तर रेवदंड्याच्या खाडीला शेजारीण मिळाली असती. दुसरीच्या वर्गात मी स्वतः नांग्या उगारलेल्या दोन चिंबोऱ्या पाहिल्या आहेत. त्यातली एक हजेरीला ओ द्यायची.

मी दिवाळीनंतर तिथं बदलून आलो. पहिल्याच आठवड्यात मावशी काखेत कळशी घेऊन वर्गात शिरली, मुलींच्या रांगेपाशी अडखळली आणि अख्खी बसकरपट्टी भिजवून मोकळी झाली. आठ पोरींचे परकर ओलेचिंब.

"पाणीच हाय गुरुजी, सुकंल," ती म्हणाली आणि सगळ्यांना उन्हात नेऊन बसवलं.

पुढं हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. मी तिला झाकणाचा जग आणून दिला. तो तिनं झाकणासकट सांडला. लेखी खुलासा मागितला, तर त्या कागदावरच पाणी पडलं. "हात थरथरतो," म्हणायची. हाच हात चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचा, पण हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

शिमग्याच्या आधी मावशी नातवाच्या बारशाला लेकीकडे, बोर्ली पंचतनला गेली. त्याच दिवशी वर्गात मुलींच्या रांगेतल्या सानिकाखाली पट्टी ओली झाली. फक्त तिच्याखाली. पोरं फिदीफिदी हसली. मी आवाज चढवला, तेव्हा गप्प झाली. पण दुसऱ्या दिवशी सानिका आली नाही, तिसऱ्याही नाही.

मावशी परतल्यावर मी टोमणा मारला, "तुम्ही नव्हतात, वर्ग कसा कोरडा होता. एक सानिका सोडली तर."

तिनं कळशी खाली ठेवली. "हसली पोरं?"

मग सांगितलं. सानिकाला फिट यायची. गणपतीत गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबली. पण तेव्हापासून लघवी कधी होते ते पोरीला कळेना. पट्ट्या मावशीच धुवायची, म्हणून तिला ठाऊक. सगळ्याच भिजल्या, की एकटीचं कोण बघतो?

"मला का नाही सांगितलं?"

"तुमचा आवाज केवढा गुरुजी. तुम्हाला सांगितलं म्हणजे अलिबागला कळलं."

मी तिच्यामागून सानिकाच्या घरी गेलो.

पोर दाराआड उभी. आई म्हणाली, "परवापासून गोळी बंद केली. गोळीनंच होतं ना हे? फिट तर आता येत न्हाय."

"गोळी खाते म्हणून येत न्हाय," मावशी खाली बसत म्हणाली. "अगो, चड्डी धुता येते. फिट धुता येते का? डाक्टरला सांगितलंस हे?"

"लाज वाटते, मावशे."

"मग मी सांगते. मला न्हाय वाटत."

त्याच दुपारी रिक्षानं अलिबाग गाठलं. डॉक्टरांना मावशीनं असं सांगितलं, की ते बाहेरच्या बाकांवर, रस्त्यावर आणि कुलाबा किल्ल्यात ऐकू गेलं असावं. माझ्या आवाजाला नावं ठेवणारी बाई ही.

डॉक्टर हसले नाहीत. या औषधानं काही मुलांना असं होतं, म्हणाले. सांगितलं तर उपाय करता येतो, पण मनानं गोळी बंद करणं धोक्याचं. मग त्यांनी हळूहळू औषध बदललं. मी दर तासाला अख्खा वर्ग लघवीला बाहेर सोडू लागलो. नवं औषध लागू पडेपर्यंत मावशीचं सांडणं चालूच होतं. आता मी रागवायचोही, पण वर्गाला दाखवण्यापुरता.

पावसाळा सरला आणि मावशीच्या गुडघ्यांनी संप केला. ती कायमची लेकीकडे निघाली. शेवटच्या दिवशी ती काठोकाठ भरलेली कळशी घेऊन वर्गात आली. दोन्ही गुडघे दोन दिशांना लंगडत होते. तशीच मुलींच्या रांगेशेजारून गेली आणि कोपऱ्यातल्या पिंपात कळशी रिकामी केली. सानिका मान खाली घालून गणित सोडवत होती. फरशीवर एक थेंब नव्हता.

"काय मावशी," मी म्हटलं, "आज सांडलं नाही?"

"आता कशाला सांडू गुरुजी?" ती कंबर धरत म्हणाली. "विहीर किती लांब हाय, बघितलीत का कधी?"