कुंपण लाल व्हायची वाट

वाटणीत विहिरीचं पाणी विभागलं, गोठा विभागला, अंगणात मध्ये लालपत्तीचं कुंपण आलं. एकत्र राहिलं ते फक्त संक्रांतीचं हळदीकुंकू. ते या कुंपणापुढेच व्हायचं. डिसेंबरात रात्री गार पडल्या की झुडपांची वरची पानं लाल व्हायला लागत. संक्रांतीला आमच्या हट्टा गावातल्या बायका म्हणत, तुमच्याकडं कुंकू लावायला आधी झाडंच उभी. सतरंज्या, तीळ, वाण यांची यादी माझी. बायकांना बोलावणं थोरल्या जावेचं. एरवी आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोलायचो.

या वर्षी डिसेंबर ढगाळ गेला. रात्री पंखा चालू. संक्रांत तोंडावर आली तरी कुंपण हिरवंगार.

"पानी तोड," जाऊ म्हणाली. "रानात काढनीआधी हळदीचं पानी तोडल्याबगर पाला पिकतो का?"

"आक्का, ही हळद न्हाई. याला गार रात्री लागतात. रथसप्तमीपर्यंत थांबू, तोवर हळदीकुंकू चालतंच की."

"आपल्या घरी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच असतंय. तुला लई कळतं तर यादीत लिही, थंडी दोन किलो."

तिनं तिच्या बाजूचं पाणी बंद केलं. चार दिवसांत खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी माझ्या बाजूनं नळी टाकून मुळांना पाणी दिलं. झुडपं वाचवायची होती, बाकी काही नाही. सकाळी तिला ओली माती दिसली.

"काहून टाकलं पानी?"

"वाळून चाललं होतं."

"वाळून न्हाई, पिकून राहिलं होतं. तुला ते होऊच द्यायचं नव्हतं."

मी समजावत बसले नाही. समजावायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. हळदीच्या रानात जन्म गेलेल्या बाईला पानं का गळली हे दिसत नसेल, तर तिला ते बघायचंच नव्हतं.

तिनं तिच्या ओट्यावर वेगळं हळदीकुंकू केलं. मग मीही त्याच संध्याकाळी माझ्या ओट्यावर केलं. बायका आधी थोरलीकडं जात, मग घाईघाईनं माझ्याकडं येत. "तिकडं खाल्लं," म्हणत आणि तिळगूळ पदरात बांधून घेत. निम्म्या आल्याच नाहीत. मध्ये कुंपण हिरवं होतं.

रथसप्तमीच्या सुमाराला गारठा पडला. स्वेटर काढावे लागले. काही दिवसांनी पाहिलं तर शेंडे लाल झालेले, तिच्या बाजूचेही. खाली मात्र नुसत्या काटक्या.

जाऊ पलीकडं धुणं वाळत घालत होती. मी म्हणाले, "झालं बघा लाल."

तिनं मान वर केली नाही. "आता कोनाला दावती?"

उरलेल्या वाणाच्या वाट्या मी माळ्यावर टाकल्या. फेब्रुवारीत छाटणी करायची असते, ती केली. माझ्या बाजूची.