हॅलोबाईंची सात मिनिटं

लिफ्ट बसवणाऱ्या आणि बिघडल्या की दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं फोन सांभाळणाऱ्या बाईंना सगळे हॅलोबाई म्हणत. समोर हॅलोबाई आणि पाठीमागेही हॅलोबाईच. पाठीमागचं नाव वेगळं नाही अशी माणसं कचेरीत फार थोडी असतात. अंगानं काडी, पण आवाज असा भरदार, की फोनवर ऐकून भेटायला आलेले लोक थेट त्यांनाच विचारत, "त्या मोठ्या बाई कुठं बसतात?"

त्या कामाला लागल्या तेव्हा दोऱ्या खुपसायचा बोर्ड होता. पुढं कपाटाएवढं यंत्र आलं. त्याचं दार उघडून त्या रोज फडक्यानं धूळ पुसत. चार वर्षांपूर्वी तेही गेलं. तळमजल्यावरच्या थंड खोलीत एक मोठा कॉम्प्युटर बसला आणि त्याच्या पोटात आणखी चार. मानलेला भाऊ असतो ना, तसे हे मानलेले कॉम्प्युटर. दिसत नाहीत, पण आहेत असं धरून चालायचं. त्यातलाच एक फोनचा. सगळ्यांचे फोन तो जोडायचा, आणि जागेवर नसलेल्यांचे निरोप आवाजातच साठवून ठेवायचा.

हॅलोबाईंचे यजमान घड्याळजी. नव्या यंत्राची हकीकत त्यांनी डोळ्याचं भिंग न काढता ऐकली आणि विचारलं, "स्क्रू किती आहेत त्याला?"

"एकही नाही."

"मग ते यंत्र नव्हे. अफवा आहे."

पण त्या अफवेलाही बाईंनी वळण लावलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वही घालून शिकल्या. फक्त जुना एक नियम त्यांनी सोडला नाही. पहिल्याच दिवशी थोरल्या ऑपरेटरबाईंनी सांगितलं होतं, "चालू कॉल तोडायचा नाही. आपला धंदा लिफ्टचा. पलीकडचा माणूस कुठल्या दोन मजल्यांच्या मध्ये लटकलाय, आपल्याला काय ठाऊक?" खरेदी विभागातले काका एकदा भाच्याच्या स्थळाबद्दल सव्वा तास बोलत होते. आठ जण रांगेत ताटकळले, पण बाईंनी हात लावला नाही.

तर त्या मंगळवारी सकाळी बाईंनी आपल्या कॉम्प्युटरचा पडदा उघडला. फोनच्या कॉम्प्युटरची जागा नव्व्याण्णव टक्के भरली होती. चाळीस जीबीची जागा, आणि निरोप साचून साचून तिळाएवढीही फट उरली नव्हती. नवे निरोप साठत नव्हते. उद्यापरवा फोनच रुसून बसले असते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"बाई, माझ्या मेहुण्याचा निरोप पोचला नाही. घरी रामायण झालं."

"जागा भरलीय साहेब. वाढवायला हवी."

"मग आजवर काय केलंत?" उत्तर ऐकायला साहेब थांबले नाहीत. "हे बघा, बाहेरची एक कंपनी आहे. सगळ्यांचे फोन तीच सांभाळते. पाच वाजता मी त्यांना हो की नाही ते कळवणार आहे. तोवर झालं तर ठीक. नाहीतर तुम्ही आवक-जावकच्या टेबलावर बसा. चौदाच महिने राहिलेत ना? आराम होईल."

आवक-जावकचं टेबल जिन्याखाली होतं. तिथं पाकिटं यायची आणि पाकिटं जायची. पाकीट कधी "कशा आहात बाई?" म्हणत नाही. बाई मान डोलावून बाहेर आल्या, आणि लक्षात आलं की हातातला रुमाल आपण दोरीसारखा पिळलाय.

काम तसं आवाक्यातलं होतं. कसं करायचं ते वहीत पायरी पायरीनं उतरवलेलं होतं. सगळ्याची प्रत काढून ठेवायची, फोनचा कॉम्प्युटर बंद करायचा, मोठ्या कॉम्प्युटरला सांगून त्याची जागा चाळीसवरून एकशेवीस करायची, पुन्हा सुरू करायचा. सात मिनिटांचा खेळ. पण त्या सात मिनिटांत कचेरीतला एकही फोन चालणार नव्हता. रात्री करावं, तर लिफ्टमध्ये माणसं जास्त अडकतात ती संध्याकाळनंतर घरी परततानाच. म्हणून जेवणाची सुट्टी बरी. अडकलेल्यांचा नंबर तेवढ्यापुरता फोरमनच्या मोबाइलवर वळवला, आणि बाईंनी सगळीकडं कागद लावले: "दीड वाजता सात मिनिटं फोन बंद राहतील. बोलणं आधी आटपावं."

इथंच चुकलं. पाणी जाणार म्हटल्यावर माणसं बादल्या घेऊन धावतात, तसं झालं. एरवी सुट्टीत तीन-चार कॉल असायचे. एक वाजून पंचवीस मिनिटांनी पडद्यावर सतरा होते. ज्यांना महिन्यात फोन करायला वेळ झाला नव्हता, त्यांना आत्ताच मावशीची आठवण झाली होती.

बाई टेबला-टेबलावर फिरल्या. खरेदीकाका रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "दोनच मिनिटं, हॅलोबाई. मुद्द्यावर येतोय."

"कधीपासून येताय?"

"अकरापासून."

"मग आला असाल, खाली उतरा आता."

काकांनी ठेवला. सतराचे नऊ झाले, नवाचे चार. पावणेदोनला पडद्यावर एकच कॉल राहिला. बघतात तर साहेबांच्या केबिनचा.

बाईंनी दार ढकललं. साहेब मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात धरून बसले होते, आणि त्यातून तीच ती धून पुन्हा पुन्हा वाजत होती.

"साहेब, किती वेळ लागेल?"

"थांबवून ठेवलंय त्यांनी."

"कोणी?"

साहेबांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "त्या... फोनवाल्या कंपनीनं. दरांबद्दल विचारायचं होतं."

बाईंना काय समजायचं ते समजलं. मागून फोरमन कुजबुजला, "तोडा की! पलीकडं नुसतं गाणं आहे. गाण्याला काय होतंय?"

"गाण्याच्या अलीकडं माणूस आहे ना," बाई म्हणाल्या.

"अहो, तो माणूस तुम्हाला जिन्याखाली बसवायला निघालाय!"

"तरी चालू कॉल आहे."

आपल्या टेबलावर जाऊन बोट एका बटणावर ठेवायचं, बस्. कॉल तुटला असता, साहेबांना वाटलं असतं पलीकडूनच गेला. बाईंनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. धून संपायची, पुन्हा सुरू व्हायची. मध्येच एक गोड आवाज म्हणायचा, "आपला कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे." तिसऱ्यांदा साहेबांनी डोळे मिटले. पाचव्यांदा त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. दोन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी रिसीव्हर आपटला.

"गेले खड्ड्यात!"

पडद्यावर शून्य. चार वर्षांत बाईंनी ते शून्य कामाच्या वेळेत पाहिलं नव्हतं. त्या जवळजवळ धावतच खुर्चीवर पोचल्या.

फोन बंद झाले आणि कचेरीत अशी शांतता पसरली, की पंख्याची कुरकुर ऐकू आली. माणसं हळूहळू टेबलांमागून बाहेर आली. हिशेबातले गृहस्थ खरेदीकाकांना म्हणाले, "तुम्ही इतके उंच आहात होय?" चार वर्षं दोघं दिवसातून दहादा बोलत होते, पण फोनवरच.

सातव्या मिनिटाला फोन जिवंत झाले. बाईंनी हात जोडले आणि जागेचा आकडा पाहिला.

नव्व्याण्णव.

पुन्हा पाहिला. नव्व्याण्णवच. डोळ्यांपुढं जिन्याखालचं टेबल आलं. तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला, बाई सवयीनं "एक मिनिट हं" म्हणाल्या, तो धरून ठेवला आणि वही घेऊन बसल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सगळं बरोबर. तासभर तोच कागद वाचला. मग घामेजलेल्या बोटाला चिकटून पान उलटलं, आणि पाठीमागं त्यांच्याच अक्षरात सहावी पायरी निघाली: "बाहेरून जागा वाढवल्यावर आतल्या कप्प्यालाही वाढायला सांगणे. पुन्हा बंद करून सुरू करणे."

साहेब येऊन उभे राहिले. "झालं?"

"अर्धं झालं. घर वाढलंय साहेब, पण आत राहणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. तो अजून जुन्याच खोलीत अंग चोरून बसलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा शून्य पाहिजे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. का कोण जाणे, पण ते स्वतःच निघाले. दारादारात जाऊन "ठेवा! ठेवा!" करत फिरले. साहेब सांगतायत म्हटल्यावर दहा मिनिटांत फोन पटापट खाली बसले. खरेदीकाकांनी तर दोन्ही हात वर करून दाखवले.

तरी पडद्यावर एक कॉल होताच.

"कोण आहे तो?" साहेब गरजले. "एवढ्या वेळात माणूस गावाला जाऊन येईल! नाव सांगा मला!"

बाईंनी पडद्यावर नंबर पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. तो त्यांच्याच टेबलाचा होता. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"हॅलो?"

"झालं का एक मिनिट?" घड्याळजी शांतपणे म्हणाले.

"अहो! तुम्ही अजून फोनवरच?"

"तूच म्हणालीस ना, एक मिनिट हं. माझ्या हिशेबानं एक तास चोवीस मिनिटं झाली. पण मी म्हटलं, तुझ्याकडचं घड्याळ वेगळं असेल."

"ठेवायचा ना मग!"

"चालू कॉल तोडायचा नाही म्हणतेस. रोज ऐकतो मी." पलीकडं कोणीतरी तावातावानं बोलत होतं. "हे लाँड्रीवाले शिव्या देतायत, त्यांचा फोन आहे. अगं, दुकानाची किल्ली तुझ्या पर्समध्ये गेलीय. माझा मोबाइल आत, मी बाहेर."

पर्समध्ये किल्ली होती. साहेबांनी ऐकू येत होतं तेवढं ऐकलं आणि तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"फोरमनच्या माणसाबरोबर पाठवते," बाई म्हणाल्या. "आता ठेवा. तुम्हीच ठेवा. माझ्यानं तोडवणार नाही."

पलीकडून खट् झालं. शून्य.

चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला: तेहतीस टक्के. बाई नुसत्या बघत बसल्या, बाळ झोपलंय का ते बघावं तशा.

पाचला पाच कमी असताना बाहेरच्या कंपनीचा फोन आला. "साहेबांना देता का? आज त्यांचा होकार घ्यायचाय." बाईंचा हात थांबला नाही. जोडून दिला. आपल्याला ऐकायचा हक्क नाही, म्हणून पडद्यावरचा वेळच मोजत राहिल्या. अठ्ठावीस सेकंदांत कॉल संपला. हो म्हणायला इतका वेळ पुरतो, नाही म्हणायलाही पुरतो.

साहेब दारात आले. "नाही म्हटलं त्यांना. तासभर गाणं ऐकवतात लेकाचे. फोन तुमच्याकडेच राहू द्यात." आणि लगेच साहेब झाले. "पण बाई, जागा भरत आली तर आधी सांगायचं असतं!"

"सांगत होते साहेब. तीन महिने."

"कुणाला?"

"तुम्हालाच. काही असलं तर आत येऊ नका, निरोप ठेवा, असं तुम्हीच म्हणालात. तुमच्या न ऐकलेल्या निरोपांत एकोणीस माझे आहेत."

साहेबांनी आत जाऊन बटण दाबलं. उघड्या दारातून बाईंचाच भरदार आवाज बाहेर आला: "साहेब, जागा ब्याऐंशी टक्के भरली." मग, "साहेब, पंच्याऐंशी." मग, "साहेब, एक्क्याण्णव. जरा मनावर घ्या." साहेबांनी बटण बंद केलं.

"बाकीच्यात काय आहे?"

"तेच. आकडा तेवढा वाढत जातो."

साहेब म्हणाले, "यापुढं निरोप ठेवायचा नाही. सरळ आत येऊन सांगायचं."

"मग आत्ताच सांगते," बाई उंबरठ्याच्या आत आल्या. "ही ऐंशीची जागा आभाळातून नाही पडली. खालच्या मोठ्या कॉम्प्युटरमधूनच काढून दिली. आता तो भरत आलाय."

साहेबांनी समोरची खुर्ची पायानं मागं सरकवली. "बसा," ते म्हणाले. "आणि नीट पहिल्यापासून सांगा."