बैठ्या चाळीतली खोली

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं उंबऱ्याशी बसून मोड आलेले वाल सोलत होतो. बायकोची डावी बाजू लुळी पडलेली, तरी उजव्या हाताच्या चिमटीत ती दाणा असा दाबायची की टुणकन परातीत. माझे मोडायचे.

"अहो, सोलताय की चटणी करताय?"

"तुझ्या बापाने शिकवलं नाही मला."

"माझ्या बापाने तुम्हाला बघितलं तेव्हाच ओळखलं होतं."

बिरडं खाल्लं, झोपली, सकाळी उठली नाही. दुपारी माती दिली.

आमची चाळ म्हणजे गिरीज गावात वाड्यांच्या कडेला एका रांगेतल्या बैठ्या खोल्या. आणीबाणीच्या आसपास गावाने आपल्या हाताने बांधल्या. मीही चिरे वाहिले. ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळून आडवं झालंय त्याला खोली, भाडं नावापुरतं. दुपारची पेज वाडीतल्या घरांतून पाळीने यायची आणि आंघोळ घालायला बायकाही पाळीने यायच्या. उपकार कुणी समजत नव्हतं, उद्या सगळ्यांनाच लागणार होतं. एक नियम मात्र पक्का होता. आडवं माणूस गेलं की खोली पुढच्याला द्यायची.

माझ्या बायकोला आंघोळ मीच घालायचो. बायका म्हणायच्या, आम्ही आहोत की. मी म्हणायचो, लग्न मी केलंय. आधी मला जमत नसे, तीच शिव्या घालून शिकवायची. बसवायचं कसं, मान कुठे धरायची, साबण डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, सगळं.

माती देऊन आलो, दारात रोझरीची प्रार्थना झाली, माणसं पांगली. मुलगी म्हणाली, "बाबा, नायगावला चला माझ्याकडे."

"तुझं घर तिसऱ्या माळ्यावर. मी तिथे काय करू, कावळे मोजू?"

चाळीचं बघणारा आमच्या शाळेतला मास्तर. तो चुळबुळत उभा होता. "काका, आज बोलायला नको, पण..."

"आजच बोल. उद्या तुला आणखी जड जाईल."

"खोलीसाठी दोन घरं थांबलीत."

"ठाऊक आहे. नियम केला तेव्हा मीही हात वर केला होता. खोली घे. आता मला सांग, चाळीतल्या बाप्यांना आंघोळ कोण घालतं?"

कुणीच नाही. बाप्ये बायकांसमोर कपडे काढत नसत. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे नि झालं म्हणायचे. शेजारच्या खोलीतला म्हातारा जन्मभर माडावर चढला, पडला तेव्हापासून पाय लुळे. त्याची पाठ चिघळायला लागली होती. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

"टोकाला कुदळी-घमेली ठेवता ती खोली मला दे. बाप्यांचं मी बघतो."

"तिथे खाटा तरी मावतील का, काका?"

"एकच लागते आता."

मुलगी तोंड फिरवून रडली. रडू दिलं. मास्तर म्हणाला, "मी गावाला सांगतो. पण शेजारचे बाबा तयार झाले पाहिजेत. ते नाही म्हणाले तर बाकीचेही नाहीच म्हणतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, बादली उचलली आणि शेजारच्या खोलीत गेलो.

"काल बायकोला माती दिलीस," तो म्हणाला, "आज इथे कशाला कडमडलास?"

"तुझा वास भिंतीतून येतो."

त्याने मला आईवरून शिवी दिली. मी बादली खाली ठेवली आणि तिथेच उभा राहिलो. त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग म्हणाला, "दार लाव."

मी दार लावलं. त्याच्या काखेत हात घालून त्याला मोरीतल्या पाटावर बसवलं, चिघळलेली पाठ सोडून खांदा भिंतीला टेकवला. पहिला तांब्या पायांवर घातला. पायांना कळलं नाही, म्हणून दुसरा हातावर.

"चटका बसतोय रे."

मी बादलीत गार पाणी ओतलं आणि साबण घेतला.