बाराच्या उन्हातले आप्पा

सिद्धलिंगप्पा मंगरुळे या गुत्तेदारांनी बांधलेली इमारत सोलापुरात ओळखायची एक सोपी खूण होती: तिच्यावर त्यांचं नाव कुठेही नसायचं. बंगल्यावर वकिलाचं नाव, वखारीवर अडत्याचं, शाळेवर देणगीदाराच्या स्वर्गवासी मातोश्रींचं. बावीस वर्षं आप्पा दुसऱ्यांची नावं दगडात कोरून घेत होते आणि संध्याकाळी ओसरीवर बसून बायकोपुढे हळहळत होते.

"मी गेल्यावर लोकांना कळायचं कसं, की असा एक माणूस होता म्हणून?"

"कळंल की," रत्नम्मा ज्वारी पाखडता पाखडता म्हणायच्या. "तुमचा आवाज वर्षभर तरी विरायचा न्हाई."

आवाज होताच तसा. स्टेशनाजवळच्या कामावर आप्पा ओरडले की टांग्याची घोडी कान टवकारायची आणि नवखा उतारू गाडी सुटली समजून फलाटाकडे पळत सुटायचा. त्यांचे वडील अक्कलकोटकडचे साधे गवंडी. बापाच्या हाताखाली शिकताना आप्पा एकदा परांचीवरून पडले आणि डावा पाय जरा बाहेर वळला तो कायमचा. तेव्हापासून ते बदकासारखे चालत. पण अशा रुबाबात, की बदकांना आपणच आप्पांची नक्कल करतोय असं वाटावं.

धंदा चालवायचं त्यांचं शास्त्र एका ओळीचं होतं. मालक दिसला पाहिजे. तो काय करतो हा पुढचा प्रश्न, पण दिसला पाहिजे. मालक दिसला की गवंड्याची थापी चालते, बिगारी बायांच्या डोक्यावर घमेली चढतात. अडचण एवढीच, की एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात आप्पांकडे तीन कामं होती आणि आप्पा एकच होते. वकिलाचा बंगला, अडत्याची वखार आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे स्टेशनाजवळची धर्मशाळा.

मग त्यांनी एक शक्कल काढली. अंगातल्या कोटासारखे तीन काळे अल्पाकाचे कोट शिवून घेतले, तीन जरीकाठी रुमाल, तीन छत्र्या. प्रत्येक कामावरच्या खोपीत, दाराच्या फटीतून जेमतेम दिसेल असा एक कोट खुंटीला अडकवला, वर रुमाल, शेजारी छत्री. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आप्पा आत बसलेत.

आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. सगळ्यांना कळलंय हे मात्र आप्पांना कळलं नाही. धर्मशाळेवरचा म्हातारा गवंडी शिवप्पा रोज सकाळी खोपीत डोकावून कोटाला नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "आजचे मालक बरे हायत. वरडत न्हाईत." आणि गंमत अशी, की काम खरंच वेगानं होऊ लागलं.

उन्हं तापली आणि चैत्राच्या शेवटी ती गोष्ट सुरू झाली.

वखारीवरचा मुकादम रामहरी हा माढ्याकडचा सरळमार्गी माणूस. खोटं बोलायचा त्याला कंटाळा. एका सकाळी तो म्हणाला, "आप्पा, काल दुपारी तुमी सांगितल्यापरमानं दार दोन हात उगवतीकडं घेतलंय."

काल दुपारी आप्पा घरी वाळ्याच्या पडद्यामागे घोरत होते.

"मी सांगितलं?"

"व्हय की. सुट्टीत आला न्हाईत का? हितंच हुबं होता, छत्री मिटून. लई हळू बोललात. मला वाटलं, घसा धरलाय."

आप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दाराकडे नजर गेली. जुन्या जागी दार मोठ्या गटाराच्या तोंडावर आलं असतं आणि पहिल्या पावसात अडत्याची सगळी तूर भिजली असती. नकाशा काढणाऱ्याला हे दिसलं नव्हतं, आप्पांनाही नाही. तेवढ्यात खुद्द अडत्या आला आणि म्हणाला, "आप्पा, मानलं तुम्हाला!"

आता इथे कोणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता? आप्पा म्हणाले, "अनुभव असतो, शेटजी."

आणि तिथेच ते फसले.

चार दिवसांनी वकिलाच्या बंगल्यावर केराबाई नावाची बिगारी बाई पाया पडायला आली. तान्हं पोर कडुलिंबाखाली झोळीत ठेवून ती चुना वाहायची. "देव भलं करंल तुमचं, आप्पा. दुपारच्याला पोराला घेऊन सावलीत बस म्हनलात. पोराचं नाव इचारलंत. आजवर कुन्या मालकानं इचारलं न्हवतं."

आप्पांनी आशीर्वाद दिला आणि पोराचं नाव काय ते विचारायची चोरी झाली.

घरी आल्यावर आप्पांनी ताट बाजूला सारलं. रामहरीच कोट चढवून नाटकं करत असेल, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही कोट, रुमाल, छत्र्या गोळा करून घरच्या ट्रंकेत घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याच्या जागी असलेल्या लिंगाच्या दोऱ्याला बांधली. रत्नम्मांनी विचारलं, "याक री? का हो, चोर आलाय का?"

"चोर घेऊन जातो," आप्पा म्हणाले. "हा देऊन जातोय."

त्या दिवशी गिरणीचा बाराचा भोंगा वाजल्यावर आप्पा उंबऱ्यावर ट्रंकेला पाठ लावून बसले आणि ऊन उतरेपर्यंत उठले नाहीत. संध्याकाळी रामहरी सांगत आला, "आप्पा, दुपारी तुमी म्हनला तसा वखारीचा पाया एका कोपऱ्यात उकरला. खाली जुनी हीर निघाली बगा, बुजवलेली. भिंत खचलीच असती."

वैशाख लागला, तोही त्या साली अधिक आलेला, त्यामुळे अक्षय्य तृतीया महिनाभर पुढे गेली होती. त्या दिवसांत सोलापुरात भर दुपारी सूर्य असा थेट टाळूवर येतो, की माणसाची सावली पायाखालीच जिरते. खांबाला सावली नाही, झाडाच्या बुंध्याला नाही, माणसालाही नाही. समोर उभा आहे तो माणूसच आहे ना, हे सावलीवरून ताडून पाहायचं म्हटलं तरी सोय नव्हती. त्या अर्ध्या तासात सगळं शहर सारखंच होतं आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात तो यायचा.

धर्मशाळेच्या मोठ्या दालनावर वीस हातांची विटांची कमान होती. खाली लाकडी साचा आणि साच्याला चौदा टेकू. धर्मशाळेच्या पंचांचे प्रमुख आबासाहेब यांनी उद्घाटनाला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता आणि आप्पांना शब्द दिला होता: वेळेत काम झालं, तर दारावरच्या शिळेत शेवटच्या ओळीत 'बांधणार सिद्धलिंगप्पा मंगरुळे' असं कोरायचं. पाथरवटानं अक्षरं खडूनं आखूनही ठेवली होती. आप्पा रोज जाता-येता त्या शिळेवरची धूळ झटकायचे. धूळ नसली तरी झटकायचे.

मुहूर्ताच्या तीन दिवस आधी सकाळी आप्पा गरजले, "शिवप्पा, टेकू काढा!"

शिवप्पा जागचा हलला नाही. "काल दुपारी तुमीच नको म्हनलात."

"मी?"

"एकवीस दिवस हात लावायचा न्हाई म्हनलात. कमानीवर हात फिरवला आनि म्हनलात, अजून कच्ची हाय."

चाळीस माणसं हातातलं काम टाकून बघत होती. आप्पांचा घाम जरीकाठातून कानावर उतरला. 'तो मी नव्हतो' एवढे तीन शब्द बोलले की टेकू निघणार होते, मुहूर्त साधणार होता, नाव दगडात बसणार होतं. पण तेच तीन शब्द बोलले, तर वखारीचं दार, बुजलेली विहीर, केराबाईचा आशीर्वाद, महिनाभर छाती फुगवून घेतलेलं सगळं परत करावं लागणार होतं. आणि मग तो कोण, हा प्रश्न चाळीस तोंडांतून एकदम आला असता.

"दुपारनंतर बघू," आप्पा पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं कामावर कोणी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दुपारी ते घरी गेले नाहीत. भोंगा वाजला. माणसं लिंबाखाली भाकरी सोडून बसली. आप्पा रिकाम्या खोपीत, दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले. ऊन इतकं पांढरं होतं, की विटा लाल आहेत हे आठवून बघावं लागत होतं. वारा नव्हता. कावळा नव्हता. एका क्षणी लिंबाखालचं बोलणं थांबलं. हात ताटलीवरच राहिले आणि चाळीसही चेहरे एकाच बाजूला वळले. आप्पांच्या बाजूला नाही, कमानीच्या बाजूला.

दालनातून कोणीतरी चाललं होतं. पाठमोरं. काळा कोट, रुमाल, मिटलेली छत्री. माणसाला स्वतःची पाठ ओळखता येत नाही, म्हणून आप्पांना आधी काही वाटलं नाही. मग त्यांनी डावा पाय पाहिला. तो प्रत्येक पावलाला बाहेर वळत होता. रत्नम्मांनी तीस वर्षं ज्या चालीची नक्कल करून पोरीबाळींना हसवलं होतं, ती चाल आप्पा पहिल्यांदा स्वतः बघत होते, आणि हसू येत नव्हतं.

तो एकेका टेकूपाशी थांबला. बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावून ऐकलं. चौदाव्या टेकूपाशी त्यानं मान वर करून कमानीकडे पाहिलं. बराच वेळ. आजारी माणसाच्या उशाशी बसलेला माणूस बघतो, तसं. मग तो शेवटच्या खांबाआड गेला. खांबाच्या पलीकडे तीन हातांवर भिंत होती, वाट नव्हती. तो बाहेर आला नाही.

आप्पा खोपीतून निघाले. दालन ओलांडून शिडीवर चढले आणि कमानीच्या विटांच्या सांध्यात खिशातला चाकू खुपसला. वरची पापडी फुटली आणि चाकू आत लोण्यात शिरावा तसा शिरला. मुहूर्ताच्या घाईत चुना घाणीच्या चाकाखाली नीट मळू दिला नव्हता. "मळता काय पुरणासारखा! घाला तसाच!" हे ओरडणं मात्र शंभर टक्के आप्पांचं होतं, त्याला दुसरा कोणी वाटेकरी नव्हता. टेकू काढले असते, तर अक्षय्य तृतीयेला कमान पाहुण्यांच्या डोक्यावर कोसळली असती.

ते शिडीवरून उतरले आणि लिंबाखाली येऊन उभे राहिले.

"टेकू राहू द्या," ते म्हणाले. "आणि ऐका. महिनाभर दुपारचा जो येतोय, तो मी नव्हे."

कोणी दचकलं नाही. शिवप्पानं भाकरीचा तुकडा मोडला. "ठावं हाय की आमाला."

"ठावं हाय? कधीपासून?"

"पैल्या दिवसापासनं. तुमी कवा कुनाला हळू बोललात, आप्पा?"

केराबाई तेव्हा धर्मशाळेवर आली होती. पोराला पाजता पाजता ती म्हणाली, "आनि पोराचं नाव इचारलं असतंत व्हय तुमी?"

"मग मला सांगितलं का नाहीत, लेको?"

"तुमी त्याला बी कामावरनं काडलं असतं," शिवप्पा म्हणाला. हसला मात्र कोणी नाही. सगळे उठले आणि कामाला लागले, कारण सुट्टी संपली होती.

आबासाहेबांच्या माडीवर आप्पांनी सरळ सांगून टाकलं: कमान कच्ची आहे, चूक माझी, एकवीस दिवस लागतील.

"मुहूर्त जाईल, मंगरुळे."

"जाऊ दे."

"शिळेवरची ओळही जाईल."

"पुसा," आप्पा म्हणाले, आणि जिना उतरताना कठडा धरून उतरले.

अक्षय्य तृतीयेला पंचांनी मांडवात नारळ फोडून वेळ मारून नेली. शिळेवरचा खडू पाथरवटानं ओल्या फडक्यानं पुसला. त्यानंतर आप्पा रोज भर दुपारी कामावर यायचे. कोणी आलं का, म्हणून विचारायचे. कोणी येत नव्हतं. त्यांनी हळू बोलायचा सराव केला. माणसांना ते आजारी वाटायचे. केराबाईला त्यांनी पोराचं नाव विचारलं. ती म्हणाली, "बजरंग," आणि कीव येऊन पुढं म्हणाली, "जमंल हळूहळू, आप्पा."

एकविसाव्या दिवशी टेकू काढायचे होते. गवंड्यांचा जुना रिवाज असा, की टेकू निघताना गुत्तेदारानं कमानीखाली उभं राहायचं. बावीस वर्षं आप्पांना नेमकं त्याच दिवशी कचेरीत काम निघत आलं होतं. या वेळी ते न बोलावता दालनाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. शिवप्पानं बाकीच्यांना बाहेर काढलं आणि घण उचलला.

एकेक टेकू पडत गेला. प्रत्येक घावाला वरून चुन्याची भुकटी झरायची आणि आप्पांच्या खांद्यांवर बसायची. ते डोळे मिटून, मनातल्या मनात 'शिवा शिवा' म्हणत उभे होते. तेरावा पडला. चौदाव्याला शिवप्पानं तीन घाव घातले. तो पडला, आणि शिवप्पा उडी मारून बाहेर झाला.

कमान कण्हली. भली मोठी वस्तू कुशीवर वळावी तसा आवाज सगळ्या दालनातून गेला. मग अगदी शांत झालं. त्या शांततेत आप्पांच्या उजव्या हाताला, अगदी जवळ, कोणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

आप्पांनी मान वळवली नाही. वळवावी असं फार वाटलं, पण वळवली नाही.

"जागेवर बसतीय का?" त्यांनी विचारलं.

"बसली," शेजारून उत्तर आलं. आवाज त्यांचाच होता, फक्त फार हळू.