शिकवलेल्या सह्या

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवणं, पँटची उंची कमी करणं, बिघडलेल्या चेन बदलणं, असली तिची कामं. मशीन दाराच्या आत आणि कापायचं टेबल अर्धं बाहेर. त्या टेबलावर काळं अस्तर पसरून, कापडावर खुणा करायच्या खडूनं, तिनं गल्लीतल्या बत्तीस बायकांना सही शिकवली होती. कुणी सांगितलं नव्हतं हो. एकदा शेजारच्या मावशींना घेऊन ती पेन्शनच्या ऑफिसात गेली होती. तिथल्या कारकुनानं मावशींचा अंगठा धरून शाईत दाबला आणि वर म्हणाला, "चला, झाला शिक्का." हिचं टाळकंच सरकलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन शिकवणी सुरू. आधी अस्तरावर खडू, मग टेलरबाईच्याच एका वहीत पेन. नाव, आडनाव आणि खाली एक रेघ. रेघ हवीच, ती म्हणायची, नाहीतर सही उघडी दिसते.

वाचायला मात्र तिनं शिकवलं नाही. वेळ कुठे होता? गणवेश कोण शिवणार? सही आली की निम्मी लढाई जिंकली, असं तिला वाटलं. तिथेच घोडं पेंड खात होतं, पण ते कळायला फार उशीर झाला.

वॉर्डातल्या दवाखान्यात बाळंतपणाची एक खोली होती. चार वर्षं तिला कुलूप. आत काय, तर नगरसेवकांच्या सभेच्या खुर्च्या. या नगरसेवकांना सगळे दादा म्हणत. गेल्या वर्षी मावशींच्या सुनेला रात्री रिक्षातून दूरच्या इस्पितळात न्यावं लागलं आणि मूल वाटेतच गेलं. टेलरबाई तेव्हा रिक्षात शेजारी होती. त्यानंतर ती चार वेळा दादांकडे अर्ज घेऊन गेली. दादा चारही वेळा "बघू" म्हणाले. दादांचा 'बघू' म्हणजे काय ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आता तीच सून पुन्हा आठव्या महिन्यात होती.

यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. दादांनी लगेच आपल्या बायकोला उभं केलं. या वहिनींना गेटाबाहेर कुणी पाहिलं असेल तर शपथ. तेव्हा टेलरबाईनं ठरवलं, आपण उभं राहायचं. पहिल्याच बैठकीत त्या कुलपाचा विषय काढायचा. नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता एवढंच म्हणाला, "तुला जमेल तसं कर." तो नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, कंत्राटी. कंत्राट दादांच्या हातात. त्याला यात ओढायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. त्याची सही मागायचीच नाही.

उमेदवारीच्या अर्जाला वॉर्डातले दहा सूचक लागत, म्हणजे 'हिला उभं करा' असं लिहून देणारे मतदार. दहा कसले, वीस मिळाले असते. शेवटच्या दिवशी साडेबाराला ती निवडणूक कचेरीत शिरली तेव्हा मागे दहाजणी, सगळ्या इस्त्रीच्या कपड्यांत. मावशी पुढे. सुनेला घरी थांब म्हटलं तरी तीही मागोमाग आली होती. तीन वाजता अर्ज बंद होणार होते.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं अर्ज नीट पाहिला, मग दुसरी एक यादी काढली आणि दोन्हीवरून बोट फिरवायला लागला. पहिल्या नावापुढे फुली मारली. मग दुसऱ्या.

"बाई, एका मतदाराला एकाच उमेदवाराचं सूचक होता येतं," तो म्हणाला. "या दहाही जणींनी आधीच दुसऱ्या अर्जावर सही केली आहे."

"कुणाच्या?"

त्यानं वहिनींचं नाव सांगितलं. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येत, दर अर्जाला दहा सूचक. एक अर्ज पुरला असता, पण दादांनी चारही भरले होते. चाळीस सह्या. टेलरबाईनं यादी बघायला मागितली. तिच्या शिकवणीतल्या बत्तीसच्या बत्तीस बायका तिथे होत्या. प्रत्येक सहीखाली रेघ.

मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, तो दादांचा माणूस आला होता ना मागच्या आठवड्यात. दवाखान्याची खोली उघडायचा अर्ज आहे म्हणाला. आम्हाला वाटलं तूच लिहिलायस." मग थांबून म्हणाल्या, "त्यानं शाईचा डबा पुढे केला होता. मीच म्हटलं, अंगठा कशाला, मला सही येते."

टेलरबाईनं यादी अधिकाऱ्याला परत दिली. मावशींवर चिडावं तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी लागली असती. अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं आणि नवीन दहा सूचक आणले तर तीनपर्यंत अर्ज घेईन, म्हणाला.

ती पळाली. आता गल्लीत सही देण्यासारखं उरलं होतं कोण? बहुतेक पुरुष आणि ते दादांना घाबरणारे. किराणावाला म्हणाला, "बाई, माझं दुकान रस्त्यावर दीड फूट पुढे आलंय. ते दादांच्या कृपेनं आहे." एकानं दार लावून घेतलं. एकानं तिलाच उपदेश केला, की बायकांनी बायकांच्या विरोधात उभं राहू नये. वा रे शहाणा. पण सुतारानं सही दिली. न्हाव्यानं गिऱ्हाईकाच्या गालावर साबण तसाच ठेवून सही केली. इस्त्रीवाल्या दोघी बहिणींनी, शाळेच्या शिपायानं, चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं दिली. भाजीवाल्याला तर तिनं चक्क रडून दाखवलं, तेव्हा त्यानं दिली. नववी सही रद्दीवाल्याची. पावणेतीन झाले होते.

एक हवी होती. फक्त एक. आणि कचेरीच्या मागेच टँकर भरायचा नळ होता.

नवरा टँकरवर उभा राहून पाइप धरून होता. तिला बघून तो खाली उतरला. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं आणि कागद पुढे धरला. "तुमच्याकडे येणार नव्हते," ती म्हणाली. "पण आता इलाज नाही. कंत्राट गेलं तर जाऊ दे. मशीन आहे, मी आहे."

त्यानं हात पँटला पुसले, पण कागद घेतला नाही. "माझी चालणार नाही."

"का नाही? तुम्ही याच वॉर्डातले."

"माझी झालीय."

"काय झालीय?"

"सही. त्या चाळिसात."

तिनं बायकांच्याच सह्या शोधल्या होत्या, बाकीच्यांकडे लक्षच गेलं नव्हतं. क्षणभर तिला त्याची कीव आली. "तुम्हालाही खोलीचाच अर्ज म्हणून सांगितलं?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला असता तर तिनं विश्वास ठेवला असता. देवाशप्पथ ठेवला असता.

"नाही," तो म्हणाला. "मी वाचलं होतं."

टँकर भरून पाणी वाहायला लागलं. दोघांपैकी कुणी नळ बंद केला नाही. तिच्या डोक्यात एक गोष्ट सावकाश जुळत गेली. खोलीचं नाव काढलं की बत्तीसजणी डोळे झाकून सही करतील, हे दादांना कुठून कळलं? आणि त्या बत्तीसजणी कोण, हे तिच्या वहीशिवाय कुठे लिहिलेलं होतं?

"वही तुम्ही दाखवलीत."

"त्यांनी कंत्राट काढून घेतो म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "मला वाटलं, सह्या नाहीत म्हटल्यावर तू आपोआप गप्प बसशील. निदान हरून हसं तरी होणार नाही."

आणखी कुणाकडे जायला वेळ उरला नव्हता. ती कचेरीत परतली तेव्हा तीनला पाच कमी होते. नऊ सह्यांचा कागद अधिकाऱ्यानं हातात घेतला, मोजला आणि परत दिला. तीन वाजता शिपायानं दार लावलं. वहिनींसमोर दुसरं कुणीच नव्हतं.

दहाजणी बाहेर पायऱ्यांवर बसल्या होत्या. मावशी उठून म्हणाल्या, "आमच्यामुळे झालं गं. आम्ही अडाणी."

"तुमच्यामुळे नाही झालं," टेलरबाई म्हणाली, आणि वहीचं, नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं. त्या घरात आता परत कसं जायचं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

सून तेवढी भिंतीला धरून उभी होती. तिला वही, कंत्राट, चाळीस सह्या, यातलं काही नको होतं.

"मग पुढच्या महिन्यात," तिनं विचारलं, "ती खोली बंदच असणार का?"

"हो," टेलरबाई म्हणाली. "बंदच असणार."