दुसरी पायरी

"हिचं क्षेत्रफळाचं गणित दुसऱ्याच्या वहीतलं आहे," मॅडम म्हणाल्या. भरल्या वर्गात. बाकांवर पालक बसलेले. माझे आण्णा दारापाशी उभे, पँटवर सिमेंटचे डाग.

मी सातवीत होते. वरवंडजवळची खाजगी शाळा. आम्ही वडार. आजा दगड फोडायचा, आण्णा फरशी बसवतात. शाळेत मला नाव होतं, तरी सगळे मिस्त्रीची पोरगी म्हणायचे.

त्या वर्षी शाळेनं मार्क बंद केले होते. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आता कोणाचा नंबर कितवा हे बघायचं नाही. धड्यातलं काय येतं, तेवढंच बघायचं. त्याच्या चार पायऱ्या. पहिली, अजून येत नाही. दुसरी, मदत घेऊन येतं. तिसरी, स्वतःचं स्वतः येतं. चौथी, दुसऱ्याला समजावून सांगता येतं. कपडे मळके असले, वही फाटकी असली, तरी पायरी खाली जाणार नाही. एकदा नाही जमलं तर पुन्हा तपासून मागता येईल.

मला ते फार आवडलं. खरं सांगते, मला वाटलं हे आपल्यासाठीच आलंय.

क्षेत्रफळ मला घरातच आलं होतं. वेड्यावाकड्या खोलीला फरशी किती लागेल, हे आण्णा त्रिकोण पाडून काढायचे. मी टेप धरायची. गणितात पाच बाजूंची वाकडी आकृती आली, तेव्हा मी तिचे सरळ तीन त्रिकोण पाडले.

माझ्या शेजारी संस्थेच्या अध्यक्षांची नात बसायची. तिला जमेना. मधल्या सुट्टीत मी तिला समजावलं. दोनदा. तरी तिनं शेवटी माझ्या वहीतलंच उतरवून घेतलं. मैत्रीण होती माझी. मला तर बरंच वाटलं होतं.

दोन्ही वह्या सारख्या निघाल्या. तिला चौथी पायरी. मला दुसरी.

तेच मॅडमनी त्या दिवशी पालकांसमोर सांगितलं. आण्णांनी हळूच विचारलं, "म्हंजी पोरीनं चोरी केली का, बाई?"

मॅडमनी पुढं बघितलं. पुढच्या खुर्चीत अध्यक्ष बसले होते. आण्णा तवा त्यांच्याच बंगल्यात फरशी बसवत होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "मिस्त्री, पोरगी पास हाय ना? मग झालं की. तुमच्यात एवढं तरी कोण शिकतंय?"

आण्णांनी हात जोडले. "चुकलं असंल तिचं. माफ करा. पुन्यांदा न्हाई करायची."

मॅडमचं बोलणं मी गिळलं होतं. हे गिळवेना. ज्यानं मला त्रिकोण पाडायला शिकवलं, तोच माणूस माझ्यासाठी माफी मागत होता.

मी उठले. फळ्याजवळ गेले. म्हणाले, "मॅडम, मला पुन्हा तपासा. आत्ता. आन् तिलाबी."

कोणी हो म्हणायची वाट बघितली नाही. सहा बाजूंची आकृती काढली. चार त्रिकोण पाडले. एकेक समजावून सांगितला. उत्तर बरोबर आलं. मग खडू मैत्रिणीपुढं धरला.

ती जागची हलली नाही. रडायला लागली. दोन बाया धावल्या, कोणी पाण्याची बाटली पुढं केली. एक बाई म्हणाली, "केवढी आगाऊ पोरगी!" ती पोरगी म्हणजे मी. माझ्याजवळ कोणीच आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, नंतर बघू. नंतर कधी बघितलं नाही. पत्रकावर दुसरी पायरी तशीच राहिली. मैत्रिणीनं बाक बदलला. बंगल्याचं उरलेलं काम दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलं.

त्या दिवशी आण्णांनी मला गाडीवर घरी आणलं. घराशी आल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्याला हितंच ऱ्हायचंय, बाळा."

मला ते कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं.

आता मी दौंडला डी.एड. करते. थोड्याच दिवसांत मुलांची प्रगतिपत्रकं माझ्या हातात येतील. कोण कोणाची नात, हे मी विचारणार नाही. जे येतं ते लिहीन, तेवढंच लिहीन.

आन् एक. त्या वर्गात माझ्या नावानं माफी मागितली गेली. मी चूक केली नव्हती. ती माफी मी परत घेते. यापुढं माझ्यासाठी कोणी हात जोडायचे नाहीत. आण्णांनीसुद्धा नाही.